पडद्यावरचा चरखा : सुट्या भागांच्या जुळणीविषयी
(प्रस्तावना)

उभ्या चरख्याचे चाक दोन खांबांतल्या आसावर फिरते. सुताराच्या हातून त्या खांबांची भोके केसभर वरखाली झाली तरी चाक फिरते. लाकूड किंचित दबते, आस भोकात किंचित खेळतो, तेलाचे दोन थेंब पडले की कुरकुरही थांबते. तोच चरखा संगणकावर, म्हणजे कॅड सॉफ्टवेअरमध्ये, काढून जोडायला घेतला की अडचण सुरू होते. पहिल्या खांबात आस छान बसतो. दुसऱ्या खांबात बसवायला जावे तर लाल खूण उमटते आणि जोडणी नाकारली जाते. कधी त्याहून वाईट घडते : कसलीही तक्रार न होता दुसरा खांब पाटावरून उचलला जातो आणि तिरका उभा राहतो. विद्यार्थी ती जोडणी पुसतो, पुन्हा घालतो, मग दुसरीच एखादी घालून पाहतो. तासाभराने चाक, खांब, पाट असे सगळेच एकमेकांत अडकून बसलेले असते.

हे पुस्तक त्या तासाविषयी आहे. सुटे भाग काढायला शिकवणारी पुस्तके आणि व्हिडिओ आता भरपूर मिळतात. ते भाग एकत्र आणल्यावर ते जुळत का नाहीत, जुळलेले अचानक उलटे का होतात, काल जागेवर असलेला भाग आज फाइल उघडताच भलतीकडे का दिसतो, याविषयी नीट बसून लिहिलेले फार थोडे आहे. मराठीत तर माझ्या वाचनात जवळजवळ नाहीच. कॅडची मोठमोठी पॅकेजे बनवणाऱ्या दासो, सीमेन्स, पीटीसी या कंपन्यांची केंद्रे पुण्यात आहेत. ज्या विषयाच्या कोडवर मराठी माणसे रोज काम करतात, तो विषय आयटीआयच्या फिटरपर्यंत त्याच्या भाषेत पोचलेला नाही, हे मला बोचत आले आहे.

लेखकांनी सगळ्या पुस्तकासाठी चरखा हेच उदाहरण घेतले, आणि पुस्तक वर्ध्यात घडले असल्याने ते स्वाभाविकही आहे. १९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. चरखा हलका असावा, खेड्यातल्या घरात हाताने किंवा पायाने चालावा, आणि किंमत १५० रुपयांच्या आत असावी, अशा अटी होत्या. यंत्ररचनेच्या दृष्टीने ही फार कठीण मागणी होती, कारण स्वस्त आणि हलक्या यंत्रात चूक सामावून घ्यायला जागा कमी उरते. पुढे डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या बागेत, म्हणजे वर्ध्यातल्या आजच्या मगनवाडीत, जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली घाणी, जाती, हातकागद यांवर प्रयोग सुरू झाले. ३० डिसेंबर १९३८ रोजी मगन संग्रहालय उघडले. तिथले चरखे निवांत पाहिले तर लक्षात येते की प्रत्येक नव्या नमुन्यात कुणीतरी एकच प्रश्न पुन्हा सोडवला आहे : चाक आणि चाती (सूत कातणारी फिरती सळई) एकमेकांच्या संदर्भात नेमक्या जागी कशी राहतील, आणि तरीही मोकळी कशी फिरतील?

मगनवाडीच्या परिसरातच जमनालाल बजाज केंद्रीय संशोधन संस्था आणि तिच्यातून पुढे आलेली महात्मा गांधी ग्रामीण औद्योगीकरण संस्था उभी राहिली. सौर ऊर्जेवरच्या चरख्याचे कामही तिथे झाले. म्हणजे हाताच्या चरख्यापासून मोटरच्या चरख्यापर्यंतची सगळी वाट एका शहरात चालून पाहता येते. शिवाय याच जिल्ह्यात पुलगाव आणि हिंगणघाटच्या कापडगिरण्यांत फिटरांच्या पिढ्या तयार झाल्या. त्यांचे ज्ञान बहुतांशी हातात आणि डोळ्यांत राहिले, कागदावर थोडेच उतरले. यंत्र बसवताना आधी काय पक्के करायचे आणि काय शेवटपर्यंत ढिले ठेवायचे, हे ज्याला कळते त्याला कॅडमधली जुळणी शिकवायला वेळ लागत नाही, असे माझे मत आहे.

आता विषयाकडे. अवकाशात मोकळ्या सोडलेल्या कोणत्याही घन भागाला सहा प्रकारे हलता येते : तीन दिशांना सरकणे आणि तीन आसांभोवती वळणे. अभियांत्रिकीच्या वर्गात त्यांना सहा डिग्री ऑफ फ्रीडम म्हणतात. भाग जोडणे म्हणजे यांतल्या काही हालचाली अडवणे. दोन सपाट पृष्ठे एकमेकांना टेकवली की तीन अडतात. दोन गोल भागांचे आस एकात एक आणले, म्हणजे कॉन्सेंट्रिक जोडणी केली, की चार अडतात; उरते फक्त आसावरून सरकणे आणि आसाभोवती फिरणे. जर्मनीच्या फ्रांट्स रूलो यांनी १८७५ साली यंत्रांचा विचार अशा जोड्यांच्या भाषेत मांडला, आणि आजच्या कॅडमधल्या रिव्हॉल्यूट, स्लायडर, सिलिंड्रिकल या जोडण्यांची नावे त्याच परंपरेतली आहेत.

चाकाच्या आसाचा हिशेब याच आकड्यांनी करून पाहू. पहिल्या खांबाशी कॉन्सेंट्रिक जोडणी झाली, चार हालचाली गेल्या. दुसऱ्या खांबाशी तीच जोडणी पुन्हा चार हालचाली अडवायला निघते. पण त्या आधीच अडलेल्या आहेत. दोन्ही भोके गणिताने एका रेषेत असतील तर दुसरी जोडणी निरुपद्रवी ठरते. एक भोक ०.०५ मिलिमीटर वर असेल तर दोन्ही अटी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. लाकूड दबते, पडद्यावरचा भाग दबत नाही. खांब पाटाला पक्के केलेले असतील तर सॉफ्टवेअर जोडणी नाकारते. ते मोकळे राहिले असतील तर सॉफ्टवेअर अट पाळण्यासाठी खांबालाच हलवते, आणि वर सांगितलेला तिरका खांब तयार होतो. लाल खूण दिसली तर विद्यार्थ्याने खरे तर सुटकेचा नि:श्वास टाकावा. मला भीती वाटते ती खूण न दिसता हललेल्या खांबाची, कारण त्या फाइलवरून निघालेले ड्रॉइंग कार्यशाळेत जाते आणि भोक चुकीच्या जागी पडते.

हिशेबाची गंमत अशी की यंत्रशास्त्रातल्या प्रचलित सूत्रात हा चरखा घातला, आसाला दोन पूर्ण बेअरिंगे मानली, तर ६ − ५ − ५ म्हणजे उणे चार असे उत्तर येते. सूत्राप्रमाणे चाक हलूच नये. पण ते फिरते, कारण दोन्ही बेअरिंगे एकाच रेषेत असण्याची विशेष भूमिती सूत्राला दिसत नाही. दोन बिजागऱ्यांचे दारही याच जातीचे. अशा रचनांना अतिबद्ध म्हणतात, आणि आपल्या आजूबाजूची बहुतेक खरी यंत्रे अतिबद्ध असतात. ती चालतात ती लवचिकपणामुळे आणि ठेवलेल्या खेळामुळे. कॅडमध्ये लवचिकपणा नसतो. म्हणून खेळ कुठे ठेवायचा हे माणसाला ठरवून सांगावे लागते.

फिटरला हे नवे नाही. जिग-फिक्स्चर बनवताना तो ३-२-१ चा नियम वापरतो : तळाला तीन टेकू, बाजूला दोन, टोकाला एक, मिळून सहा. दोन भोकांवर भाग बसवायचा असेल तर एका भोकात पूर्ण गोल पिन देतो आणि दुसऱ्यात दोन बाजूंनी घासून चपटी केलेली. दोन्ही गोल पिना दिल्या तर भोकांतले अंतर थोडेही चुकले की भाग बसणार नाही, हे त्याला ठाऊक असते. चपटी पिन भागाला फक्त वळू देत नाही. अंतराची चूक ती सोडून देते. कॅडमध्ये दुसऱ्या भोकाला पुन्हा कॉन्सेंट्रिक जोडणी देण्याऐवजी फक्त दिशा जुळवणारी अट द्यावी, हा या पुस्तकातला सल्ला त्याच चपट्या पिनेचा आहे. मला हा पुस्तकाचा सर्वांत मोलाचा भाग वाटतो. संगणकावरच्या अडचणीचे उत्तर संगणकाच्या कितीतरी आधीपासून कार्यशाळेत होते.

अंबर चरख्याचे उदाहरण याहून बारीक आहे. तमिळ मुलखातल्या एकांबरनाथांच्या कल्पनेतून आलेल्या आणि १९५० च्या दशकात देशभर पसरलेल्या या चरख्यात गिरणीतल्या रिंग फ्रेमचे तत्त्व आहे. रुळांतून पेळू ताणला जातो, कड्यावर फिरणारा छोटा ट्रॅव्हलर सुताला पीळ देतो, आणि चाती त्या कड्याच्या बरोबर मध्यावर फिरावी लागते. चाती मध्यापासून ढळली तर प्रत्येक फेऱ्यात सुतावरचा ताण कमीजास्त होतो आणि सूत तुटते. आठ चात्यांचा नमुना काढणारा विद्यार्थी सहसा काय करतो? आठही चात्यांना आठही कड्यांशी कॉन्सेंट्रिक जोडतो. पडद्यावर सगळे सुरेख दिसते. पण चातीच्या पट्टीवरची भोके चुकीच्या अंतरावर असतील तर ती चूक या जोडण्यांनी झाकून टाकलेली असते. सॉफ्टवेअरने चाती भोकातून बाजूला सरकवून कड्याच्या मध्यावर नेलेली असते. पुस्तक सांगते की चाती तिच्या भोकात बसवा, कडे त्याच्या पट्टीत बसवा, आणि मग चाती व कडे यांच्या मध्यांतले अंतर फक्त मोजा. ते शून्य आले नाही तर दोष जोडणीत नाही, ड्रॉइंगमध्ये आहे. प्रत्यक्षात जे तपासून पाहायचे, ते कॅडमध्ये अट म्हणून लादू नये. इतकी साधी गोष्ट इतकी वर्षे शिकवताना कुणी स्पष्ट का सांगितली नाही, असा प्रश्न वाचकाला पडेल.

या सगळ्याचा संगणकीय इतिहास साठ वर्षांहून जुना आहे. १९६३ साली एमआयटीत आयव्हन सदरलंड यांनी स्केचपॅड हा प्रबंध सादर केला. पडद्यावर प्रकाशलेखणीने ओढलेल्या रेषा समांतर व्हाव्यात, सारख्या लांबीच्या व्हाव्यात, अशा अटी त्यात देता येत आणि यंत्र त्या पुऱ्या करून दाखवी. सगळ्या अटी क्रमाने सुटल्या नाहीत तर थोडे थोडे हलवत चूक कमी करत जाण्याची युक्तीही त्यात होती. अशा अटी सोडवणाऱ्या आजच्या सॉल्व्हरचे बीज तिथे आहे. दुसरा झरा यंत्रमानवांकडून आला. एडिंबरोत पॅट्रिशिया अँब्लर आणि रॉबिन पॉपलस्टोन यांनी १९७५ मध्ये मांडले की 'हे पृष्ठ त्या पृष्ठाला टेकलेले', 'हा दांडा त्या भोकात बसलेला' एवढे सांगितले तरी भागांच्या जागा गणिताने काढता येतात. यंत्रमानवाला भाग जोडायला लावण्यासाठी हे हवे होते. आपण आज माउसने दोन पृष्ठे निवडतो तेव्हा तीच वाक्ये लिहीत असतो.

त्यानंतर मुख्यत: दोन पंथ दिसतात. एक सगळ्या अटींची समीकरणे मांडून ती एकदम सोडवणारा. रॉबर्ट लाइट आणि डेव्हिड गॉसर्ड यांचे १९८२ चे काम या वाटेवरचे. दुसरा आधी अटींचे जाळे तपासून त्याचे सोडवता येतील असे छोटे तुकडे पाडणारा. केंब्रिजला १९८९ मध्ये निघालेल्या आणि पुढे सीमेन्सकडे गेलेल्या डी-क्यूब्डचे सॉल्व्हर या दुसऱ्या विचारातून वाढले आणि अनेक नामांकित पॅकेजांच्या पोटात बसले. ग्लेन क्रेमर यांनी १९९२ च्या आपल्या पुस्तकात हालचालींच्या हिशेबावरूनच भाग बसवत जाण्याची रीत मांडली. नवख्या वाचकाने यातले गणित सोडले तरी चालेल. पण सॉल्व्हर उत्तर शोधताना अनेकदा भागाच्या आत्ताच्या जागेपासून सुरुवात करतो, एवढे ध्यानात ठेवावे. अंतराच्या आणि कोनाच्या अटींना बहुधा दोन उत्तरे असतात. भाग ज्याच्या जवळ असेल ते उत्तर मिळते. चातीचे टोक उलट्या बाजूला वळते ते यामुळे. जोडणी देण्यापूर्वी भाग हाताने ओढून साधारण योग्य जागी आणून ठेवला, तर उलटापालटीचे निम्मे प्रकार टळतात.

वापरणाऱ्यांच्या बाजूनेही घराणी पडली. १९९५ च्या सॉलिडवर्क्सने पृष्ठाला पृष्ठ, आसाला आस अशा मेट्सची पद्धत घरोघर नेली. ती शिकायला सोपी, पण एका सांध्यासाठी दोन-तीन मेट्स लागतात आणि अतिबद्धता तिथेच शिरते. ऑनशेप आणि फ्यूजन यांनी सांधा हाच एकक धरला : कोणती हालचाल ठेवायची ते आधी विचारतात, बाकीच्या अडवतात. प्रो-इंजिनिअरच्या परंपरेत आधी सगळ्या यंत्राचा आसांचा आणि पातळ्यांचा सांगाडा काढून मग त्यावर भाग बसवण्याची शिस्त आली. फ्रीकॅडमध्ये तर हे सगळे मतभेद उघड्यावर दिसतात. ए२प्लस आणि असेंब्ली३ अटी सोडवणारे, असेंब्ली४ प्रत्येक भागाला दिलेल्या स्थानिक निर्देशांकांवर भाग बसवणारे. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या फ्रीकॅड १.० मध्ये सांध्यांवर आधारलेली असेंब्लीची सोय मूळ सॉफ्टवेअरमध्येच आली. लेखकांचा कल सांधे आणि सांगाडा या बाजूला आहे, आणि मी त्यांच्याशी सहमत आहे. मेट्सच्या पद्धतीत विद्यार्थी काय चिकटवायचे याचा विचार करतो. सांध्याच्या पद्धतीत काय हलले पाहिजे याचा. चरख्यासारख्या यंत्रात दुसरा विचार आधी यायला हवा.

जुळणी बिघडण्याची आणखी काही कारणे थोडक्यात सांगतो, कारण वाचक पुस्तक उघडेल तो बहुधा त्यांच्याच त्रासाने. पहिला भाग पक्का न करणे हे सर्वांत सामान्य. मग सगळे यंत्र एकत्र जोडलेले असूनही हवेत तरंगते. इंचातली आणि मिलिमीटरमधली फाइल एकत्र येणे; मग भाग २५.४ पट मोठा किंवा लहान दिसतो. दुसऱ्या पॅकेजमधून स्टेप फाइल आणताना गोल पृष्ठ खरे दंडगोल न राहता नुसते वाकडे पृष्ठ होणे. मग त्याला आस सापडत नाही आणि कॉन्सेंट्रिक जोडणी घेता येत नाही. आणि भागात बदल केल्यावर पृष्ठांची अंतर्गत नावे बदलणे. खांबाला एक खाच पाडली की जोडणी ज्या पृष्ठाला धरून होती ते पृष्ठ सॉफ्टवेअरला ओळखू येत नाही, किंवा भलतेच पृष्ठ तेच म्हणून धरले जाते. फ्रीकॅडच्या जुन्या आवृत्त्यांत या दुखण्याने अनेकांची चिकाटी संपली, १.० मध्ये ते बरेच आटोक्यात आले आहे. तरी कडा-पृष्ठांऐवजी भागाच्या स्वत:च्या आधारपातळ्यांना आणि आसांना जोडण्या देणे कोणत्याही पॅकेजमध्ये हिताचे.

आणि शोधाची रीत. सॉफ्टवेअर चूक दाखवते ती बहुधा शेवटच्या जोडणीवर. दोष मात्र आधीच्या एखाद्या जोडणीत असतो. म्हणून शेवटची जोडणी पुसत बसू नये. निम्म्या जोडण्या तात्पुरत्या बंद कराव्यात, तक्रार गेली का पाहावे, मग उरलेल्यांतल्या निम्म्या. प्रत्येक टप्प्यावर भाग माउसने ओढून पाहावा : चाक फिरावे, पण सरकू नये, खांब हलू नये, चाती फिरावी. प्रत्येक भागाला कोणती हालचाल उरायला हवी हे आधी कागदावर लिहिलेले असेल तरच या ओढून पाहण्याला अर्थ आहे. उभ्या चरख्यात माळ, म्हणजे चाकावरून चातीकडे जाणारा दोर, उतरते ती बहुतेक वेळा चाक आणि चातीवरची खाच एका पातळीत नसल्यामुळे. पडद्यावरही चाकाची मध्यपातळी आणि खाचेची मध्यपातळी यांतले अंतर मोजून हेच आधी कळते. दोर काढण्याचीही गरज पडत नाही.

आत्ताच या पुस्तकाची गरज का, याला माझ्यापुरते उत्तर असे. फ्रीकॅडसारखे साधन फुकट आहे आणि साध्या संगणकावर चालते. सेवाग्रामच्या बापूराव देशमुख अभियांत्रिकी महाविद्यालयातला विद्यार्थी आणि तालुक्याच्या गावचा वेल्डिंग करणारा मुलगा यांच्या हाती आता एकच साधन येऊ शकते. खादीच्या जुन्या चरख्यांचे सुटे भाग मिळेनासे झाले की यंत्र कोपऱ्यात जाते. तो भाग मोजून, काढून, बाकीच्या भागांशी जुळवून पाहता आला तर थ्रीडी प्रिंटरवर किंवा लेथवर तो पुन्हा बनवता येतो. पण जुळवून पाहणे हा त्यातला खरा कठीण टप्पा आहे. एकटा भाग अचूक काढणे अनेकांना जमते. तो चालत्या यंत्रात बसेल की नाही हे पडद्यावर सांगता येणे म्हणजेच डिझाइन करता येणे. कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यात कातण्याच्या, सरकी काढण्याच्या यंत्रांची दुरुस्ती आणि सुधारणा इथल्याच माणसांनी करावी, ही १९३४ सालच्या मगनवाडीतली इच्छा होती. त्या इच्छेला लागणारी साधने आज तेव्हापेक्षा कितीतरी सुलभ आहेत, आणि ती शिकवायला कुणी नसावे हे मला मान्य नाही.

पुस्तक कोणत्याही एका पॅकेजचे मार्गदर्शक नाही. उदाहरणे फ्रीकॅडमध्ये आहेत, कारण ते कुणालाही उतरवून घेता येते. पण प्रत्येक अडचण आधी भूमितीच्या भाषेत, मग पडद्यावरच्या खुणेच्या भाषेत मांडली आहे. सॉलिडवर्क्स किंवा इन्व्हेंटर वापरणाऱ्याला फक्त बटणांची नावे बदलून घ्यावी लागतील. टॉलरन्सची साखळी, म्हणजे अनेक भागांच्या छोट्या छोट्या चुका मिळून शेवटच्या भागावर किती चूक साचते, हा विषय लेखकांनी जाणूनबुजून बाहेर ठेवला आहे. तो वेगळ्या पुस्तकाचा ऐवज आहे आणि या पुस्तकाशिवाय तो समजणार नाही. दातेरी चाकांची आणि माळेची गती दाखवणाऱ्या जोडण्याही जेमतेम स्पर्शून सोडल्या आहेत. आधी जागा, मग गती, असा त्यांचा क्रम आहे.

वाचकाने पुस्तक घेऊन संगणकासमोर बसावे, पण पहिली पंधरा पाने संगणक बंद ठेवून वाचावीत. त्यांत उभ्या चरख्याचा फक्त पाट, दोन खांब, आस आणि चाक एवढेच आहे. कागदावर पाच भागांची नावे लिहून प्रत्येकासमोर कोण कोणाच्या आधाराने बसतो आणि त्याला कोणती हालचाल उरते ते लिहावे. मगन संग्रहालयात जाता आले तर तिथल्या चरख्यासमोर उभे राहून तो तक्ता तपासावा. त्यानंतर फाइल उघडून पहिल्यांदा पाट पक्का करावा.